झाकण लावून काढलेले फोटो

लाईट कधी येईल सांगता येत नाही, तोवर सांगते. ती मेणबत्ती जरा तिकडे सरकवा, डोळ्यांवर येते आहे. आणि मध्येच 'खरंच का?' असं विचारू नका. मी शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वी फिरते म्हटलं तरी पोरं मला 'खरंच का मॅडम?' विचारतात, त्यामुळे त्या प्रश्नाचा मला आयुष्यभराचा वीट आलेला आहे.

गेल्या वर्षीचा उन्हाळा. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या आणि मी इतवारीच्या बाजारात कूलरच्या ताट्या आणायला गेले होते. वाळ्याच्या. आमच्या नंदनवन वस्तीतही ताट्या मिळतात, पण खरा वाळा इतवारीतच, असं आईचं मत. आणि आईचं मत आमच्या घरात आई बोलत नसली तरी चालतं.

आई बोलत नव्हती. आधीच्या दिवाळीनंतर तिला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ही कोणाची वाचा, तर यमुताई नर्सबाईंची! नरखेड तालुक्यातल्या गावागावांत मोटरसायकलच्या मागे बसून लसी टोचत फिरलेली बाई. संत्र्याच्या बगिच्यात लपलेली पोरं आवाजाच्या जोरावर बाहेर काढायची. रात्र-रात्र बाळंतिणींच्या आणि म्हाताऱ्यांच्या उशाशी बसायची आणि घरी येऊन ते सगळं मला सांगायची, मला झोप येत असली तरी. ती बाई आता खाटेवर पडून भिंतीकडे बघत होती. मी बोलायचे, भरवायचे, पाय चोळायचे. ती भिंतीकडेच बघायची.

डॉक्टरांना मी एकच गोष्ट विचारली होती, ती मला ओळखते का? ते म्हणाले, ओळखत असतील, नसतील, आत्ताच सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा. मी बोलत राहिले. पण खोटं कशाला सांगू, आतून तुटत होते. ज्या घरात आपण एकुलती एक लेक आहोत तिथे आपल्याला कोणीच ओळखत नाही, असं वाटायला लागलं की माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वावरतं.

तर इतवारी. ताट्या बांधून होईपर्यंत मी शेजारच्या दुकानात डोकावले. मोडीची भांडी घेण्या-विकण्याचं दुकान, बाबाराव नावाचे एक गृहस्थ चालवतात. पितळी घंगाळं, चेमटलेले तांबे, आणि त्या सगळ्यांत एका परातीत एक छोटासा कॅमेरा. मुठीत मावेल एवढा, पण उचलला तर अंगाने दमदार. काळं कातडं, चंदेरी कडा, पुढे काच आणि काचेवर काळं झाकण.

"चालतो का हो?" मी विचारलं.

"चालते ना मॅडम. सेल मिळत नाही याचा आता, पण सेलवाचून चालते." त्यांनी वरचा खटका ओढला, बटण दाबलं. 'टिक्' असा आवाज झाला. इतका हलका, की एवढ्या गजबजाटात तो ऐकू कसा आला याचं मला नवल वाटलं.

"कोणाचा आहे?"

"काहून विचारून राहिल्या? मोडीत आलेल्या वस्तूले मालक नसते, मॅडम. घ्यायचा तर घ्या."

मी घेतला. घासाघीससुद्धा केली नाही, आणि मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, हे माझ्या स्वभावात बसत नाही. गेले कित्येक महिने मी घरात औषधं, डायपर आणि पावडर यापलीकडे काही आणलं नव्हतं. हातात काहीतरी स्वतःचं हवं होतं, इतकंच.

रोल मागवला, मोबाईलवर व्हिडिओ बघून भरायला शिकले. या जातीच्या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. बघायच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. त्या ठिपक्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. एक ठळक आणि तिच्या शेजारी एक फिकट. काचेभोवतीचं कडं फिरवत जायचं, फिकट चित्र सरकत सरकत ठळक चित्रावर येतं, आणि दोन्ही एक झाली की फोटो स्पष्ट येणार. मला हे फार आवडलं. मी गॅसची शेगडी, तुळस, शेजाऱ्यांचं मांजर, सगळ्यांवर कडं फिरवून बघितलं. रोल वाया जाईल म्हणून बटण मात्र दाबलं नाही.

बटण पहिल्यांदा दाबलं ते आईसमोर.

आमच्याकडच्या दुपारी तुम्हाला ठाऊक आहेत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी खिडक्या लावून घेत असे, पडदे ओढत असे. ओल्या वाळ्याचा तो मातकट थंड वास, त्यात आईच्या अंगाच्या तेलाचा आणि पावडरीचा वास मिसळलेला. खोलीत हिरवट अंधार आणि कूलरची घरघर. बराच वेळ ऐकत बसलं की त्या घरघरीत माणसं बोलताहेत असं वाटतं. लांबच्या खोलीत दोघी बायका हळू आवाजात बोलत बसल्यात, असं. मी मनावर घेत नसे.

खाटेची डावी कड भिंतीला लावलेली होती, उजवीकडे माझं स्टूल. मी स्टुलावर बसून कॅमेरा डोळ्याला लावला. ठिपक्यात दोन आया दिसल्या, एक ठळक, एक फिकट. दोघी भिंतीकडे बघत होत्या. कडं फिरवून दोघींना एक केलं आणि बटण दाबलं.

टिक्.

आईची मान हलली.

किंचित. उशीवर केस घासल्याचा आवाज यावा इतकीच. पण ज्या मानेला मी इतके महिने हाका मारत होते ती हलली होती! मी पुन्हा खटका ओढला, पुन्हा दाबलं. पुन्हा हलली. मी तिथेच रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर दर दुपारी मी दोन-तीन फोटो काढायला लागले. सकाळी प्रेमिला येते, आईला आंघोळ घालायला. तिला मी सांगितलं तर ती म्हणाली, "आवाजानं दचकत असतीन माय. तुमाले पाहून नाही." तिचं म्हणणं मला झोंबलं, कारण तीच भीती मलाही होती. दारावर टिचकी मारली तर पालही मान वळवते. त्याला ओळख म्हणत नाहीत.

एका दुपारी मात्र एक प्रकार झाला. कॅमेरा डोळ्याला होता, दोन आया अजून एक व्हायच्या होत्या. ठळक आई नुसती पडून होती. आणि फिकट आईचे... ओठ हलत होते. भराभर, गप्पा मारताना हलतात तसे. मी कॅमेरा खाली घेतला. आई गप्प. तोंड मिटलेलं. पुन्हा डोळ्याला लावायचा माझा धीर झाला नाही. कूलरच्या घरघरीतल्या त्या दोघी मात्र त्या दिवशी जरा जास्तच बोलत होत्या.

रोल संपला तसा मी तो सोनिकाकडे नेऊन दिला. सोनिका माझी जुनी विद्यार्थिनी, आता लग्नांचे फोटो काढते आणि हौस म्हणून खामल्याला आपल्या घरच्या न्हाणीघरात फिल्म धुते. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, येता का? फोनवर नाही सांगत."

"खराब झाला का रोल?"

ती म्हणाली, "तुम्ही याच."

मी गेले. फिल्म दोरीवर वाळत होती. सोनिकाने आधी मला पाणी दिलं, मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"पहिले मले सांगा, हा रोल नवीन होता ना? आधी कोणी वापरला नव्हता?"

"माझ्यासमोर डबी फोडली मी."

"मग पाहा."

पहिला फोटो. उजवी अर्धी बाजू काळी कुळकुळीत, सरळ रेषेत कापल्यासारखी. डाव्या अर्ध्या भागात आमच्या खोलीतली भिंत. पोपडा निघालेला ओळखीचा कोपरा. आई कुठेच नाही.

दुसरा तसाच, पण भिंत थोडी सरकलेली. त्यानंतरच्या एका फोटोत खोलीचं छत, पंखा. पुढच्या एकात अंधाराच्या कडेला काहीतरी उजळ... एक कोपर. माझं कोपर. माझ्या पिवळ्या गाऊनची बाही. सोनिका एकेक फोटो पुढे सरकवत होती आणि मी अंधारातून हळूहळू बाहेर येत होते. आधी बाही. मग खांदा. मग अर्धा चेहरा. प्रत्येक फोटोत भिंत थोडी कमी, मी थोडी जास्त. काळा भाग कायम उजवीकडे, कायम तेवढाच. आणि सगळे फोटो खालून, थोडे तिरके, उशीवर डोकं ठेवून बघितल्यासारखे.

शेवटाकडच्या एका फोटोत मी पूर्ण होते. स्टुलावर बसलेली, डोळ्याला कॅमेरा. आणि कॅमेऱ्याच्या काचेवर ते काळं झाकण, जसंच्या तसं लावलेलं.

"ताई, या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी असते," सोनिका हळूच म्हणाली. "झाकण लावलेलं असलं तरी आपल्याले सगळं दिसते. नवीन लोक नेहमी चुकतात. तुम्ही पूर्ण रोल झाकण लावून काढला. हा रोल कोरा निघायला पाहिजे. आणि हा कॅमेरा... याचा फोटो याच्याच रोलवर कसा? मले नाही समजून राहिलं. मी रात्रभर झोपली नाही, ताई."

कुठल्याच व्हिडिओत झाकण काढा असं सांगितलं नव्हतं, कारण कढई ठेवण्याआधी गॅस पेटवा असंही कोणी सांगत नाही. एरवी मी स्वतःवर पोटभर हसले असते. तेव्हा मात्र मी पहिल्या फोटोपासून सगळे पुन्हा बघायला लागले.

आणि मग मला समजलं. एकदम. भीती होतीच, पण तिच्यावरून काहीतरी वाहून गेलं.

आई भिंतीकडे बघत नव्हती. आईला भिंतीखेरीज काही दिसतच नव्हतं. झटक्याने तिच्या नजरेची उजवी बाजू नेली होती आणि मी शहाणी इतके महिने तिच्या उजवीकडे बसून बोलत होते. त्या काळोखात! तिला माझा आवाज यायचा आणि मी सापडायची नाही. त्या 'टिक्'ने आवाज नेमका कुठून येतो ते तिला कळलं आणि ती रोज थोडीथोडी मान वळवून मला शोधत होती. केवढी मेहनत! मान किंचित हलली म्हणून मी रडले होते, आणि ती बिचारी मला अंधारातून ओढून काढत होती.

"सोनिका, मला घरी सोड," मी म्हटलं. "आत्ता."

"शेवटचा एक राहिला आहे ताई, तो मी..."

"नंतर."

तिने छापून ठेवलेले फोटो एका पाकिटात घालून माझ्या हातात दिले आणि स्कूटरवर घरी सोडलं. आईजवळ थांबलेली प्रेमिला दारातच होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"प्रेमिला, धर. खाट भिंतीपासून ओढायची आहे."

"काहून वं ताई? झालं काय?"

"ओढ तू आधी!"

दोघींनी खाट ओढली, करकरत. भिंत आणि खाट यांच्यामध्ये माणूस बसेल एवढी जागा झाली. मी स्टूल तिकडे नेलं, आईच्या डावीकडे, आणि बसले.

आईने माझ्याकडे बघितलं.

नुसते डोळे वळले असं नाही हो. बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग गळ्यातलं, मग पायातल्या चपला. आणि चपला बघून तिच्या कपाळाला आठी पडली! घरात चपला घालून आलेली पोर. मग तिचा डावा हात उठला, माझ्या गालावर आला आणि तिथेच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं. प्रेमिला पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मी नुसती 'आई, आई' म्हणत होते. देवाचे, त्या कॅमेऱ्याचे, झाकणाचे, माझ्या मूर्खपणाचे, कोणाचे म्हणून आभार मानू असं मला झालं होतं.

डॉक्टरांनी नंतर तपासलं. उजवीकडचं दिसत नाही, बाकी ओळख शाबूत, म्हणाले. "तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, फोटो काढताना. खोटं नव्हतं ते.

पाकीट मी दुसऱ्या दिवशी उघडलं. दुपारीच. आईचा डोळा लागला होता. शेवटचा फोटो सोनिकाने उलटा घालून ठेवला होता.

तो सरळ केला. या फोटोत काळा भाग नव्हता. कडेपासून कडेपर्यंत सगळं स्वच्छ. अगदी जवळ आईचा चेहरा, समोरून. ती हसत होती. झटक्यानंतर तिला कोणी हसताना बघितलेलं नाही, पण ती हसत होती, तोंड उघडं, काहीतरी सांगता सांगता हसावं तशी. तिचा डावा हात फोटो काढणाऱ्याकडे आलेला, इतका जवळ की बोटं पुसट झालेली. कोणाचा तरी हात धरावा तशी ती मिटलेली. आणि तिच्या पलीकडे, स्टुलावर, मी. मान छातीवर पडलेली, गाढ झोपलेली. कॅमेरा माझ्या मांडीवर, झाकण लावलेला.

मला तो कधीचा ते आठवेना. झोप लागल्याचंही आठवेना. मग डोकं हळूहळू चाललं. हा फोटो आईच्या डाव्या बाजूने काढलेला होता. त्या दिवसांत तिथे भिंत होती. खाट तिला चिकटलेली, झाडूची काडीसुद्धा मध्ये जात नसे. तिथे बसायला कोणालाही जागा नव्हती.

आणि आता त्याच जागी स्टूल टाकून मी बसले होते.

उठून पळावं असं वाटलं. पाय उचललेही. मग पुन्हा फोटोकडे बघितलं, आईच्या हसण्याकडे. मी उजवीकडच्या काळोखात बसून 'ही मला ओळखत नाही' म्हणून कुढत होते तेवढे सगळे महिने, हिच्याजवळ कोणीतरी बसलं होतं. हिला दिसेल अशा बाजूला. हिचा हात धरून. हिच्या गप्पा ऐकत. माझी आई तेवढे दिवस एकटी नव्हती. तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, मी हात जोडले. कोणाला ते मला माहीत नाही.

कॅमेरा अजून वापरते. झाकण काढून. तुळशीचे, मांजराचे, आईचे, चारचौघांसारखे फोटो येतात. स्टूल मात्र मी काढून टाकलं आणि तिथे एक बाकडं ठेवलं. प्रेमिला विचारते, एवढं लांब बाकडं कशाला, तुमी तर कोपऱ्यातच बसता. मी सांगते, पाठ दुखते.

परवा आईला पहिला शब्द फुटला. बोलणं शिकवणारी बाई येते तिने सांगितलंच होतं, येईल हळूहळू, रोजच्या वापरातला एखादा शब्द आधी येईल. दुपार होती, पडदे ओढलेले, कूलर चालू. मी बाकड्यावर बसून तिला संत्र्याचा रस पाजत होते. ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून थोडी बाजूला आणि वर गेली, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे जाते तशी. तिने डाव्या हाताने बाकड्याच्या रिकाम्या टोकावर थोपटलं.

"बस वं," आई म्हणाली.

मी बसलेलीच होते. वाटी खाली ठेवली आणि आणखी थोडं सरकून जागा केली.